आईचा एकुलता एक डायलॉग

आई गेली आणि तिसऱ्या दिवशी आमच्या बिल्डिंगच्या गेटवर फ्लेक्स लागला. फोटो तिच्या निवृत्तीच्या कार्यक्रमातला होता. फ्लेक्सवाल्याने तिच्या मागचा हिरवा पडदा काढून निळं आकाश आणि ढग घातले होते, गाल गुलाबी केले होते आणि लहानपणी आलेल्या देवीचे कपाळावरचे व्रण पुसून टाकले होते. खाली लिहिलं होतं, 'शांत, सोशिक, मितभाषी, मनमिळाऊ.' मी गेटवर उभी राहून ते दोनदा वाचलं. मला आधी वाटलं, त्याच आठवड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये आणखी कोणीतरी गेलं असावं.

फ्लेक्स माझ्या धाकट्या भावाने लावला होता. तो बदलापूरला राहतो आणि वर्षातून दोनदा आईला भेटायला अंधेरीला यायचा. इतक्या लांबून कोणीही शांत दिसतं.

मी तो फ्लेक्स राहू दिला. तो मनापासून रडत होता आणि फ्लेक्सवाल्याकडे शब्द तेवढेच होते. पण खरी बाई कशी होती, ते कुठेतरी लिहिलेलं असावं असं मला तेव्हापासून वाटत राहिलं.

आई बुलढाण्याकडच्या एका गावातून लग्न होऊन अंधेरीला आली, तेव्हा अठरा वर्षांची होती. बाबा एमआयडीसीत पंपाच्या कारखान्यात फिटर होते. राहायला टेकडीच्या उतारावर पत्र्याची खोली. त्या खोलीबद्दल आई सांगायची, 'खूप हवेशीर होती. पावसाळ्यात तर छपरातूनसुद्धा हवा यायची.' मी नववीत असताना बाबा गेले. तोवर आई महापालिकेच्या एका प्रसूतिगृहात आया म्हणून लागलेली होती. तिथे आयांना सगळे मावशी म्हणतात. मावशी म्हटलं की बाईला घाईघाईने कुठल्याही कामाला पिटाळता येतं. एकतीस वर्षं ती तिथे मावशी होती. अंधेरीतली अर्धी तरुण पिढी आपण धुऊन पुसून दिली आहे, तरी ती ही अशी निघाली, असं तिचं म्हणणं होतं.

तिच्या जिभेची पहिली मोठी ओळख मला पाचवीत झाली. शाळेत 'माझी आई' हा निबंध होता. मी तो गाइडमधून उतरवला. माझी आई पहाटे उठते, सडा घालते, तुळशीला पाणी घालते, देवपूजा करते, तिच्या चेहऱ्यावर सदैव हसू असतं, वगैरे. आम्ही बौद्ध. घरात ना देव ना तुळस, आणि सडा घालायला अंगण तरी कुठे होतं? पण निबंधाला दहापैकी नऊ मिळाले, म्हणून मी कौतुकाने तो आईला वाचून दाखवला. ती डबल ड्युटी करून आली होती आणि पाय पाण्याच्या बादलीत घालून बसली होती. शेवटपर्यंत नीट ऐकलं आणि म्हणाली,

"बरी वाटते बाई. बोलाव की एकदा. आपली भांडी पडलीत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने पाय पुसले, स्वतः भांडी घासायला बसली आणि म्हणाली, "रडू नको. मास्तरला काय माहीत. त्याने तीच आई चाळीस पोरांच्या वहीत वाचली असेल. कंटाळला असेल बिचारा."

लोक म्हणतात, आईच्या मायेची ऊब. आमच्याकडे ऊब होती, पण ती अशी यायची. मला ताप आला की ती रात्रभर कपाळावर पट्ट्या बदलायची आणि सकाळी म्हणायची, 'परीक्षेच्या आधी बरोबर आला हां, ताप हुशार आहे.' माझ्या लग्नात सगळ्या बायका रडत असताना ती वाढप्याला पुरीचं तेल निथळून घ्यायला सांगत होती. पुढे ते लग्न टिकलं नाही. तीन वर्षांची लेक कडेवर आणि दोन बॅगा घेऊन मी दारात उभी राहिले. तोवर टेकडीवरची वस्ती जाऊन तिथेच झोपडपट्टी पुनर्वसनातली, एसआरएची सात मजली इमारत झाली होती आणि आईला चौथ्या मजल्यावर घर मिळालं होतं. रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवत आले होते. ती काय विचारेल, मी काय सांगेन. आईने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, बॅगांकडे पाहिलं.

"आलीस? बरं झालं. दळण आणायला कोणी नव्हतं."

एवढीच चौकशी. लेकीला माझ्या कडेवरून घेतलं आणि आत गेली. मी खरोखरच पिशवी घेऊन चक्कीवर गेले. परत आले तर माझ्या बॅगा रिकाम्या करून कपडे कपाटात लावून झाले होते. मजल्यावरच्या बायका दुसऱ्या दिवशी हळूच विचारायला आल्या, की मुलगी माहेरपणाला आली का. आई म्हणाली, "नाही, जावई परत केला. माल चांगला नव्हता." बायका आपापल्या दारांकडे वळल्या. माझ्या घटस्फोटाची आमच्या मजल्यावर चर्चा झाली ती तेवढीच.

नातवंडं झाली की म्हातारी माणसं मवाळ होतात असं ऐकून होते. आई झाली नाही. तिने लेकीला भात मऊ करून भरवला, अंगाला तेल लावलं, बालवाडीत नेलं आणलं, आणि हे सगळं करताना तिच्याशी अशी बोलायची की जणू ती कारकून आहे आणि आज उशिरा आली आहे. परिणाम व्हायचा तो झाला. पाच वर्षांची असताना लेकीने वर्गात बाईंना विचारलं, "टीचर, तुम्ही आज केस विंचरायला विसरलात का?" शाळेतून बोलावणं आलं. मला ऑफिसमधून सुटी मिळेना, म्हणून आई गेली. संध्याकाळी मी विचारलं, काय झालं.

"काही नाही. त्या म्हणाल्या, मुलगी उद्धट आहे. मी म्हटलं, माझ्यावर गेलीये, आता काय करणार."

"मग?"

"मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना पटलं."

प्रसूतिगृहातल्या गोष्टी मात्र ती वेगळ्या सुरात सांगायची. बाळ झालं की बाहेर जाऊन नातेवाइकांना सांगायचं काम बहुतेक वेळा तिच्याकडे असायचं. मुलगा झाला म्हटलं की बाहेर गलका, मिठाई, कोणी तिच्या पाया पडायला निघायचं, जसा काही तिनेच घडवला. मुलगी झाली म्हटलं की माणसं भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचायला लागायची. एखादी सासू विचारायची, "नक्की?"

"थांबा," आई म्हणायची, "आत जाऊन पुन्हा बघते."

आणि खरोखर आत जायची, पाच मिनिटं थांबायची, बाहेर येऊन सांगायची, "अजून मुलगीच आहे." कोणी तक्रार केली नाही. तक्रारीत लिहायचं काय, हा प्रश्न होता.

माझा जन्मही त्याच प्रसूतिगृहातला, आई तिथे कामाला लागायच्या आधीचा. बाबांची आई गावाहून डब्यात डिंकाचे लाडू घेऊन आली होती. मुलगी झाली कळल्यावर ती त्याच संध्याकाळच्या एसटीने लाडवांसकट परत गेली. आई हे विनोद म्हणून सांगायची. 'लाडवांना मुंबई बघायला मिळाली, एवढं झालं.' मीही पुष्कळ वर्षं हसत होते. माझी लेक झाल्यावर तिसऱ्या दिवशी आई डबा भरून डिंकाचे लाडू घेऊन आली आणि मी खाऊन होईपर्यंत समोरून उठली नाही, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की तो विनोद नव्हता.

निवृत्त झाल्यावर आई तीन आठवडे घरात बसली. त्या काळात तिने माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांच्या जागा बदलल्या, लिफ्टमनशी भांडण काढलं आणि टीव्हीवरच्या मालिका पाहून टीव्हीशी बोलायला सुरुवात केली. चौथ्या आठवड्यात शेजारची एक ताई देवासारखी धावून आली. ही ताई मालिकांच्या शूटिंगला गर्दीत उभं राहायला जायची. त्यांना म्हाताऱ्या बायका कमी पडत होत्या. आई म्हणाली, "नुसतं उभं राहायचं? एकतीस वर्षांत मला कोणी नुसतं उभं राहू दिलं नाही. चल."

असा आमच्या घराण्याचा अभिनयक्षेत्रात प्रवेश झाला. सकाळी मेट्रोने वर्सोवा, तिथून रिक्षाने धक्का, मग होडीने पलीकडे मढ. होडीत स्कूटर, मासळीच्या पाट्या आणि मेकअप न केलेले दोन-चार म्हातारे. मढला शूटिंगचे बंगले आहेत. एकच बंगला सकाळी मंत्र्याचं घर असायचा आणि दुपारी हॉस्पिटल. आईला ती व्यवस्था पसंत होती. म्हणायची, खऱ्या मंत्र्यांनीही असं करायला हरकत नाही.

सुटीच्या दिवशी ती लेकीलाही बरोबर न्यायची. त्यामुळे तिथल्या बातम्या मला दोघींकडून कळत. एकदा देवळातल्या आरतीचा सीन होता. आईला हातात ताट देऊन पुढे उभं केलं. तिला आरती येत नव्हती. तिने ते सांगितलं, तर असिस्टंट मुलगी म्हणाली, नुसते ओठ हलवा. आईने ओठ हलवले. ती ओठांतल्या ओठांत काय पुटपुटत होती, हे लेकीने शेजारी उभं राहून ऐकलं. ती प्रसूतिगृहातल्या वॉर्डाच्या खाटांचे नंबर आणि त्यावरच्या बायकांचे आजार म्हणत होती. चेहऱ्यावर इतकी भक्ती होती की डायरेक्टरने तिचा क्लोजअप घेतला.

दुसऱ्यांदा गरीब वस्तीचा सीन होता. आई घरून तिची रोजची सुती साडी नेसून गेली होती. तीच असिस्टंट मुलगी आली, चांगल्या घरची, चांगल्या मनाची, आईला नेहमी स्वतःच्या बाटलीतलं पाणी द्यायची. ती जरा संकोचून म्हणाली,

"आजी, थोडं गरीब दिसा ना."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे, असं, खांदे पाडून. आणि साडीला इस्त्री नको होती."

"बाळा," आई म्हणाली, "मला पस्तीस वर्षांचा अनुभव आहे गरिबीचा. त्यात मी रोज इस्त्री करून बाहेर पडायची. तांब्यात निखारे घालून."

मुलीने मान डोलावली आणि आईला श्रीमंत शेजारणींच्या रांगेत नेऊन उभं केलं. आई घरी आल्यावर म्हणाली, "आयुष्यभर धडपड केली आणि शेवटी गरीब दिसायला नापास झाले. झकास."

मग आला तो डायलॉग.

लेक तेव्हा दहा वर्षांची होती, दिवाळीची सुटी चालू होती. एका मालिकेत घरातली थोरली सून बाळंत होणार होती. ही बाई गेले कित्येक महिने गरोदर होती. आईच्या मते एवढ्यात तिला जुळ्यांची दोन बाळंतपणं झाली असती. बाळंतपण घरीच होणार, कारण बाहेर वादळ, पूल पडलेला, डॉक्टर अडकलेला. सुईणीचं काम करणारी नटी येणार नाही, असं ऐनवेळी कळलं. असिस्टंट मुलीला आठवलं की या आजी प्रसूतिगृहात होत्या. आईला नऊवारी नेसवून, कपाळाला मोठं कुंकू लावून बघितलं. डायलॉग एकच होता. दार उघडून बाहेर यायचं आणि घरातल्या कर्त्या बाईला सांगायचं, 'आईसाहेब, मुलगा झाला!'

शूटिंग दुसऱ्या दिवशी होतं. मी रजा टाकून बरोबर गेले. आईने आदल्या दिवसापासून काही तयारी केली नव्हती. म्हणाली, "हे एक वाक्य मी हजार वेळा बोललेय, रिहर्सल कसली."

तालमीतच तिने पहिली हरकत काढली. बाईच्या खाटेजवळ वाफाळतं पाण्याचं पातेलं होतं.

"हे कशाला?"

"आजी, गरम पाणी लागतं ना डिलिव्हरीला."

"एवढं उकळतं? तिला बाळ होतंय की तिला शिजवायचंय?"

पातेलं मागे सरकवलं. सगळे हसले. मला बरं वाटलं, म्हटलं आईला इथे मान आहे. मी आणि लेक एका लोखंडी पेटीवर बसलो होतो, समोरच. लाइट लागले. आत नटी किंचाळली, टेपवर बाळ रडलं, दार उघडलं आणि आई बाहेर आली. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली बाहुली. तिने आईसाहेबांकडे पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली,

"आईसाहेब, मुलगी झाली."

कट. असिस्टंट मुलगी धावत आली. "आजी, मुलगा म्हणायचं."

"मग काय म्हटलं मी?"

"मुलगी म्हणालात."

"हो का? सवय गं."

पुन्हा लाइट, पुन्हा किंचाळी. 'आईसाहेब, मुलगी झाली.' पुन्हा. 'मुलगी झाली.' चौथ्या वेळेला नुसतं 'आईसाहेब' म्हणून थांबली आणि मग म्हणाली, 'मुलगी.' खाटेवरची नटी किंचाळून किंचाळून घसा बसवून बसली. पाचव्या वेळेला मला खात्री पटली की हा विसराळूपणा नाही. आईला मी ओळखते. ती विसरली की चिडते. आता ती अजिबात चिडलेली नव्हती.

शेवटी डायरेक्टर स्वतः मॉनिटरमागून उठून आले. भला माणूस. हात जोडून म्हणाले, "आजी, स्टोरीत मुलगा आहे. पुढचे शंभर एपिसोड त्या मुलावर आहेत."

"तुम्ही बघितलंत?" आईने विचारलं.

"काय?"

"बाळ."

आणि तिने टॉवेल बाजूला केला. मालाडच्या बाजारातून घाईत आणलेली बाहुली होती ती. गुलाबी फ्रॉक, लांब पापण्या आणि दोन वेण्या.

"मी बघितलं," आई म्हणाली. "एकतीस वर्षं हेच काम केलंय. मुलगी आहे."

लाइटवाले, मेकअपवाले, सगळे हसायला लागले. लेक तर पेटीवरून खाली घसरली. डायरेक्टरही हसले, पण त्यांना संध्याकाळच्या आत बंगला रिकामा करून द्यायचा होता, कारण त्याचं पोलीस स्टेशन व्हायचं होतं. ते म्हणाले, राहू दे, पुढे चला.

परतीच्या होडीत मी आईला फैलावर घेतलं. "एक शब्द होता. एक. लोक आयुष्यभर वाट बघतात डायलॉगची."

"बघू देत."

"आई, ती खोटी गोष्ट आहे. बाळ खोटं, बाई खोटी, वादळ खोटं. त्यात तुझं एक वाक्य खोटं झालं असतं तर काय बिघडत होतं?"

ती काही वेळ गप्प बसली. ही गोष्ट एवढी क्वचित व्हायची की मी घाबरले.

"मी म्हणणार होते," ती म्हणाली. "दार उघडेपर्यंत मुलगाच म्हणणार होते. बाहेर आले तर ही समोर बसलेली." तिने लेकीकडे हनुवटीने खूण केली. लेक होडीच्या कडेला वाकून पाण्यात बोटं बुडवत होती. "इतकं मोठं तोंड करून बघत होती माझ्याकडे. तिच्यासमोर तसं नाचत सांगायचं, मुलगा झाला म्हणून? मला नाही जमलं. नट लोकांचं काम वेगळं." मग पदर खोचत म्हणाली, "शिवाय तू म्हणतेस ते बरोबर आहे. इस्त्रीच्या साडीमुळे गरीब जमलं नाही, आता हेही नाही जमलं. आपल्याला अभिनय येत नाही, मान्य करू."

आठवड्याने तो भाग टीव्हीवर आला. आमच्या घरात मजल्यावरच्या सगळ्या बायका जमल्या. मला वाटलं होतं, आईचा सीन कापला असेल. कापला नव्हता. वेळ नसेल म्हणा, पैसे नसतील म्हणा, त्यांनी तिचंच शूटिंग वापरलं आणि वर दुसऱ्या कोणा बाईचा गोड आवाज चिकटवला. दार उघडलं, आई बाहेर आली, आवाज आला, 'आईसाहेब, मुलगा झाला!' पण आईचे ओठ 'गी' म्हणताना दोन्ही बाजूंना असे ताणले गेले होते की बहिऱ्यालाही कळावं. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. लेकीने तेवढा तुकडा मोबाइलवर घेतला आणि आवाज बंद करून वर्गातल्या प्रत्येकीला दाखवला. 'वाच, आजी काय म्हणतेय ते वाच.' आई म्हणाली, "आवाज बरा आहे त्या बाईचा. मला असा असता तर आत्तापर्यंत कोणी ऐकलं नसतं."

गर्दीत उभं राहायला ती पुढेही पाच वर्षं जात राहिली. तिला परत कोणी डायलॉग दिला नाही आणि तिने मागितला नाही.

मग एका उन्हाळ्यात तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. आरशात पाहून तिनेच सांगितलं, "कावीळ असेल तर बरं. नसेल तर कळेलच." तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून पोटातल्या गाठीबद्दल सांगितलं. मी पॅसेजमध्ये तोंड धुतलं, चेहरा ठीकठाक केला आणि आत गेले. आई खाटेवर बसून तिथल्या आयाला चादरीचा कोपरा कसा दुमडायचा ते दाखवत होती. माझ्याकडे पाहून तिने हातातलं काम थांबवलं.

"तुला बाहेर येऊन सांगायचं काम कधी देऊ नये कोणी. चेहऱ्यावर सगळं छापलंय. बोल."

मी सांगितलं. दुसरा इलाज नव्हता, तिच्याशी खोटं बोलायची माझी पाचवीपासून सोय उरली नव्हती.

"किती दिवस?"

"दोन-तीन महिने म्हणतात."

"नक्की?"

मला कसं सुचलं माहीत नाही. मी म्हटलं, "थांब, आत जाऊन पुन्हा बघते."

ती एवढी हसली की पोट दुखायला लागलं आणि सिस्टर धावत आली. मीही हसत होते, रडत होते, नाक वाहत होतं. सिस्टरला वाटलं, या दोघींना अजून कोणी काही सांगितलेलं नाही.

अडीच महिने काढले तिने. शेवटचे दिवस घरीच होती. एका दुपारी चारच्या सुमाराला लेक तिच्या पायाची नखं कापत होती आणि आई तिला सांगत होती की अंगठा जागेवर राहू दे. मी आत चहा ठेवला. चहाला उकळी यायच्या आत लेकीने मला हाक मारली. मी बाहेर येईपर्यंत आई गेली होती. लेक तिचा पाय मांडीवर घेऊन तशीच बसून होती. एकाच पायाची नखं कापून झाली होती. थोड्या वेळाने तिने दुसऱ्या पायाचीही कापली. मी तिला थांबवलं नाही.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. खालच्या हॉलमध्ये, मागे तोच फ्लेक्स. वंदना झाली, मग भाषणं. प्रसूतिगृहातले एक निवृत्त अधिकारी म्हणाले, त्यांनी कधी कोणाला उलट उत्तर दिलं नाही. मागच्या रांगेत तिच्याबरोबरच्या आया बसल्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. भाऊ बोलायला उभा राहिला आणि रडून खाली बसला. ते मला भाषणापेक्षा बरं वाटलं. मग कोणी बोलावलं नसताना लेक उठली. पंधरा वर्षांची, पांढरा ड्रेस, हातात कागद नाही.

"आजी शांत नव्हती," ती म्हणाली. "आजी खडूस होती. मला मार्क कमी पडले तर हसायची आणि जास्त पडले तर पेपर सोपा होता का विचारायची. पण मला कधी वाटलं नाही की मी नको होते. एकदाही नाही. बस, एवढंच."

अधिकारी आपल्या बुटांकडे पाहू लागले. मग मागच्या रांगेतून एक आया हसली, मग दुसरी, आणि मग त्या सगळ्या जणी तोंडाला पदर लावून हसता हसता रडायला लागल्या. बौद्धाचार्यांनी थोडा वेळ जाऊ दिला आणि पुढची गाथा सुरू केली.

राहता राहिल्या अस्थी. भावाचं म्हणणं, गावच्या नदीत सोडू. लेक म्हणाली, आजी त्या गावाला चाळीस वर्षांत चार वेळा गेली, तिला आता कशाला पाठवता. अस्थी मातीत घालून त्यावर झाड लावायचं ठरलं. आरे कॉलनीतल्या पाड्यावर राहणाऱ्या एका आयाने तिच्या दारातल्या शेवग्याची फांदी आणून दिली. लावायची जागा बिल्डिंगच्या मागच्या भिंतीलगत. त्यासाठी सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी हवी. ते म्हणाले, अर्ज द्या. अर्जात झाडाचा प्रकार, खड्ड्याची खोली आणि लावण्याचा हेतू लिहा. मी हेतूच्या रकान्यात अस्थी असं लिहिलं. त्यांनी कमिटीची मीटिंग घेतली, दीड तास चर्चा केली आणि परवानगी दिली, या अटीवर की उत्पन्न सर्व सभासदांचं राहील. परवानगीचं पत्र, अर्जाच्या प्रतीसकट, नोटीस बोर्डावर महिनाभर लावलं होतं.

शेवगा भराभर वाढला. यंदा शेंगा आल्या. आम्हाला एकही मिळाली नाही, कारण मी ऑफिसला आणि लेक कॉलेजला जाते आणि सर्व सभासद दुपारी घरी असतात. परवा लिफ्टमध्ये सहाव्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. शेंगांची आमटी केली होती म्हणे, फार चविष्ट झाली.

"थोडी तिखट होती का?" लेकीने विचारलं.

"हो गं," काकू म्हणाल्या, "तुला कसं कळलं?"